सोपानरावांचे दोन किलो

घाटघरहून परत येऊन महिना होत आला. आल्याबरोबर मी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकले होते. जीवधनचा कडा, नाणेघाटातून खाली दिसणारं धुरकट कोकण आणि दगडी रांजणाशेजारी टोपी घालून उभी असलेली मी. सगळ्यांनी भराभर अंगठ्याची चिन्हं टाकली. मावशीने विचारलं, "इतक्या छान ठिकाणी जाऊन आलीस, मग लिहीत का नाहीस?" मी म्हटलं, वेळ नाही. वेळ भरपूर होता. लाज वाटत होती म्हणून लिहीत नव्हते. अजूनही वाटते, पण लिहिलं नाही तर ते फोटोच खरे ठरतील.

तुमच्यापैकी बरेच जण तिकडे गेले नसतील, म्हणून आधी मी तिथे कशाला गेले ते सांगते. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. डोंगरातून पन्नास-पन्नास किलोमीटर पळणाऱ्या हौशी लोकांवर वाटेत काय उपचार करावे लागतात, याचा अभ्यास मी गेली काही वर्षं करते. पळता पळता माणूस कोलमडतो तेव्हा वरून सगळे सारखेच दिसतात: चक्कर, उलटी, असंबद्ध बडबड. पण एकाच्या अंगातलं पाणी आटलेलं असतं आणि दुसरा भीतीपोटी गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायलेला असतो. या दुसऱ्याच्या रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते. पहिल्याला पाणी वाचवतं, दुसऱ्याला तेच पाणी मारू शकतं.

हा फरक आधीच ओळखायचा सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. पळताना वजन थोडं उतरायलाच हवं. वाढलं, तर माणूस जास्त पाणी पितोय. घाटघरला अशीच एक शर्यत होती; तिथे निघताना, अर्ध्या वाटेवर आणि शेवटी प्रत्येकाचं वजन घ्यायचं आणि अशी माणसं वेळेत हेरता येतात का ते बघायचं, एवढाच माझा प्रयोग होता. यात चुकण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

शुक्रवार, घाटघर

जुन्नर सोडलं की रस्ता पश्चिमेला डोंगरात शिरतो आणि मोबाइलची रेंज एक एक दांडी करत गळून पडते. फेब्रुवारी संपत आला होता. भाताच्या खाचरांत नुसती धसकटं उरली होती, करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं आली होती. गावात शिरताना अंगणांमध्ये हिरडा वाळत घातलेला दिसत होता. आमच्या संगीता सिस्टरनी एक हिरडा उचलून चावला आणि पुढचे दोन किलोमीटर तोंड वाकडं करून बसल्या.

शर्यतीची गावातली सगळी बाजू दिलीप बघत होता. तिशीतला, घरी पाहुण्यांना उतरवून घेणारा, एका कानाला सतत फोन. उतरायची सोय त्याच्याच घरी होती. दारात पाऊल टाकायच्या आत त्याच्या आईने, हिराबाईंनी, हातात पाण्याचा तांब्या दिला. नाव, गाव, काम, काही विचारलं नाही. आमच्या पुण्यात आपण दारातल्या माणसाला "पाणी हवंय का?" असं विचारतो आणि त्याने "नको" म्हणावं अशी मनात इच्छा धरतो. इथे तो प्रश्नच नव्हता.

जेवायला तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी आणि वालाची आमटी होती. पंगतीत माझ्या शेजारी विभाताई बसल्या होत्या. नाशिकच्या एका बँकेत नोकरी, वय पंचेचाळीसच्या आसपास, पन्नास किलोमीटर पहिल्यांदाच. त्यांनी तिसरी भाकरी घेतली आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, मी वेगात नाहीये, पण शिस्तीत आहे. तुम्ही सांगाल ते तंतोतंत करणार." मला अशी माणसं फार आवडतात. अभ्यासाला सोयीची असतात.

शनिवार, आंब्याखाली

पहाटे शाळेच्या पटांगणात आम्ही सगळ्यांची वजनं घेतली. पाठीवरची पिशवी काढून, पण बूट-कपड्यांसकट. उजाडताना शर्यत सुटली आणि आम्ही जीपने अर्ध्या वाटेवरच्या वस्तीकडे निघालो. तिथे मोठ्या आंब्याखाली आमचा दुसरा काटा लावायचा होता. जीपमध्ये त्या काट्यावर पाण्याचे कॅन रचलेले होते. ते तसे रचा, असं मीच सांगितलं होतं. काटा उतरवला तेव्हा त्याची काच तडकलेली होती आणि आकडा दिसायलाच तयार नव्हता.

मी दिलीपवर ओरडले. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, थांबा की जरा. खालच्या खाचरात मेंढरं बसलीत. त्यांच्याकडं काटा हाय."

खताच्या आशेने इथले शेतकरी मेंढपाळांना आपल्या रानात बसवून घेतात. तो कळप लोणीच्या एका माणसाचा होता, आणि कोकरं विकायची म्हणून वजन करायला त्याचा थोरला भाऊ आदल्या दिवशी काटा घेऊन आला होता. तो भाऊ म्हणजे सोपानराव. साठीचे, सडपातळ, डोक्याला पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. बाजारात कांद्याची मापं करणारे मापाडी. सगळी हयात त्यांची वजन करण्यात गेलेली.

त्यांनी जमीन पायाने चाचपून सपाट जागा निवडली, काट्याखाली चपटा दगड सरकवला, मग पिशवीतून शिक्का मारलेलं दहा किलोचं माप काढून काट्यावर ठेवलं. आकडा बरोबर दहा आला. "बगा बाई," ते म्हणाले. मी बघितलं आणि मनातल्या मनात हसले. माणसांची वजनं घ्यायची होती, सोनं मोजायचं नव्हतं.

"तुमच्या सकाळच्या काट्याशी जुळवून बगायचा का?" त्यांनी विचारलं.

"वेळ नाहीये हो काका," मी म्हटलं. खरं तर हा प्रश्न मला पडायला हवा होता. अशा अभ्यासातली ती पहिली पायरी असते, विद्यार्थ्यांना मीच शिकवते.

पहिले धावपटू आले. सोपानराव वजन घेत, कागदावर नंबरापुढे लिहीत. पाच-सहा जण झाल्यावर ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी त्या वेळी वॉकीटॉकीवर बोलत होते आणि एका धावपटूच्या पायाचा फोड बघत होते. ते म्हणाले, "बाई, बूट-कपड्याचं दोन किलो वजा केलंय. समद्यांचं सारकंच. निव्वळ लिवलंय."

मी म्हटलं, "हो हो, चालेल."

एवढंच झालं. मी मान वरही केली नाही. कागदाच्या डोक्यावर त्यांनी निळ्या पेनाने 'निव्वळ' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या दिवसात मी तो कागद निदान दहा वेळा हातात घेतला.

थोड्या वेळाने आकडे पाहून मी चपापले. झाडून सगळ्यांचं वजन उतरलेलं, काहींचं तर चांगलं तीन किलोंनी. ऊनही चढायला लागलं होतं. मी वॉकीटॉकीवरून पुढच्या सगळ्या पाण्याच्या ठिकाणांना कळवलं की लोक सुकताहेत, प्रत्येकाला भरपूर पाणी पाजल्याशिवाय पुढे सोडू नका. त्या ठिकाणांवर गावातल्याच बायका होत्या. पाहुण्याला आग्रहाने पाणी पाजा, हे त्यांना सांगावं लागण्यातलं नव्हतंच. त्यात डॉक्टरीणबाईंचा हुकूम.

विभाताई बऱ्याच उशिरा आल्या, हसत आल्या. त्यांचं सकाळचं वजन एकसष्ट होतं, कागदावर साठ आलं. मी म्हटलं, "विभाताई, एक किलो कमी झालंय. पाणी कमी पडतंय तुम्हाला. इथून पुढे प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या संपवायच्या, मगच निघायचं."

"बोटं जरा सुजल्यासारखी वाटताहेत, डॉक्टर."

"हात लोंबते ठेवून चालताय ना, म्हणून. काही नाही."

त्या माझ्यासमोर एक बाटली संपवून शिस्तीत निघून गेल्या. त्यांचं खरं वजन त्या वेळी बासष्ट होतं. त्या सुकत नव्हत्या, त्यांच्या अंगात पाणी साठत होतं, आणि मी त्यांना आणखी पाणी प्यायला पाठवलं.

शनिवार, तंबूत

ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटच्या चढावरून गावातल्या चौघांनी विभाताईंना स्ट्रेचरवर घालून आणलं. कपाळ धरून कण्हत होत्या, उलट्या झाल्या होत्या, मला ओळखत नव्हत्या. पटांगणातल्या आमच्या उपचाराच्या तंबूत आणल्यावर दोन मिनिटांत त्यांना झटका आला. हातपाय ताठ, डोळे वर. झटका उतरता उतरता मी कागद पाहिला. साठ किलो. "पाणी कमी पडलंय," मी म्हटलं, "साधी सलाईन जोरात सोडा."

संगीता सिस्टरच्या हातात बाटली होती, पण त्यांनी ती लावली नाही. "मॅडम, आधी रक्तातलं मीठ बघू या का? अंगठी बघा ना त्यांची."

अंगठी बोटात रुतली होती. दोन्ही बाजूंनी मांस फुगून वर आलं होतं. आमच्याकडे थेंबभर रक्तावर मीठ मोजणारं यंत्र होतं, पण त्याच्या पट्ट्या मोजक्या होत्या आणि त्या मी शर्यत संपल्यावरच्या नमुन्यांसाठी, म्हणजे माझ्या अभ्यासासाठी, राखून ठेवल्या होत्या. सिस्टरचा प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? एक पट्टी वाया जाणार, असं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आकडा फारच खाली आला, म्हणजे पाणी कमी नव्हे, जास्त झालं होतं. मग कडक मिठाची छोटी सलाईन काढली, ती दिली, थोड्या वेळाने आणखी एकदा दिली. विभाताईंनी डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट विचारलं, "माझी वेळ संपली का?" त्यांना शर्यतीची वेळ म्हणायची होती. सिस्टर तंबूच्या बाहेर जाऊन रडून आल्या. रुग्णवाहिका विभाताईंना घेऊन आधी जुन्नरला आणि तिथून पुण्याला गेली.

तोपर्यंत शेवटच्या वजनांचे आकडे हातात आले होते. शाळेतल्या आमच्या काट्यावर सगळ्यांचं वजन अर्ध्या वाटेपेक्षा दीड-दोन किलोंनी वाढलेलं होतं. एकाच वेळी सगळे कसे फुगतील? मी अर्ध्या वाटेवरचा कागद पुन्हा उघडला. 'निव्वळ', खाली दोन रेघा. आणि आंब्याखालचं ते वाक्य मला आठवलं. पुसट नाही, शब्दन् शब्द आठवलं.

मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

शनिवार संध्याकाळ, शाळेचं पटांगण

बक्षिसांचा कार्यक्रम दिवेलागणीच्या आत उरकायचा होता. टेबलावर चषकांबरोबर टॉवेल, टोप्या आणि नारळ मांडले होते. मदत करणाऱ्या प्रत्येकाचा सत्कार करायची इथली पद्धत. सोपानरावांनाही दिलीपने मुद्दाम थांबवून घेतलं होतं. काटा गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवून ते रांगेत उभे होते. टोपी नीट बसवत होते.

बातमी अर्थातच पसरली होती. धावपटूंमधला एक जण मोठ्याने म्हणाला, "आम्हालाही त्या ठिकाणी जबरदस्तीने पाणी पाजलं. बाई मेली असती तर? कोण जबाबदार?" दिलीपने घाबरून माइक माझ्या हातात दिला.

मी बोलायला लागले आणि माझा आवाज मला फार शांत, फार समंजस वाटला. "अर्ध्या वाटेवर वजन घेताना स्थानिक पातळीवर एक चूक झाली. प्रत्येकाचे दोन किलो परस्पर कमी लिहिले गेले. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून आम्ही निर्णय घेतले."

"कुणी घेतली वजनं?" मागून कुणीतरी विचारलं.

मी नाव घेतलं नाही. नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

सोपानराव एक पाऊल पुढे आले. माइकशिवाय, हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी सांगितलं व्हतं तुमाला."

मी माइकमध्ये म्हटलं, "मला कुणी काही सांगितलेलं नाही."

मागे कुणीतरी हसून बोललं, "मेंढरांचा काटा मानसांना लावला राव!" पोरंठोरं हसली, मोठेही हसले. दिलीप यादी वाचत होता, तो एक नाव गाळून पुढे गेला. सोपानरावांनी काटा खांद्यावर घेतला आणि ते खाचराच्या बाजूला उतरून गेले. मी पुढच्या माणसाच्या हातात नारळ दिला. फोटोसाठी हसलेसुद्धा.

रविवार, ओझर

सकाळी पुण्याहून फोन आला. विभाताई शुद्धीवर आहेत, चहा मागताहेत. मी ओटीवर खालीच बसले. आकडे दुरुस्त करायचं कामही किरकोळ निघालं. अर्ध्या वाटेवरच्या प्रत्येक वजनात दोन मिळवायचे, झालं. दहा मिनिटांत सगळं जुळलं. सोपानरावांचं एकही वजन चुकलेलं नव्हतं. निघताना हिराबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या. कालच्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

आमच्या ड्रायव्हरला ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घ्यायचं होतं. मी काही फारशी देवळात जाणारी नाही, पण गेले. रविवारची गर्दी होती, रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. माझ्यापुढच्या बाई मोठ्याने देवाला मुलाच्या नोकरीचं सांगत होत्या, अगदी कंपनीच्या पत्त्यासकट. माझा नंबर आला तेव्हा काय मागावं ते सुचेना. विभाताई वाचल्या होत्या. उरलेलं जे होतं ते विघ्नहराकडे मागण्यासारखं नव्हतं, ते मीच घेतलेलं होतं आणि मलाच परत द्यायचं होतं. मी हात जोडून तशीच पुढे सरकले.

बाहेर आले तर फोनवर एका सहकाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता. कालचंच पटांगण, माइक धरलेली मी. खाली त्याने लिहिलं होतं: 'कठीण प्रसंग छान हाताळलास.' व्हिडिओ कुणा धावपटूने टाकला होता आणि तो भरपूर फिरला होता. त्यात शेवटी काटा खांद्यावर घेऊन जाणारा पाठमोरा माणूसही दिसत होता.

नारायणगाव मागे पडलं, मंचर आलं. सरळ गेलं की पुणं. सोपानराव सकाळीच काटा घेऊन गावी गेल्याचं दिलीप निघताना बोलला होता. मी ड्रायव्हरला डावीकडे वळायला सांगितलं. सिस्टरनी मागच्या सीटवरून विचारलं, "लोणी?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरं होईल." त्यांना सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. आंब्याखाली त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

रविवार, लोणी

जुन्नरला लागूनच हा दुसरा तालुका, पण घाटघरच्या मानाने परदेशच. डोंगर मागे राहतात, आभाळ वाढतं. माळ, बाभळी, मध्येच विहिरीच्या जोरावर हिरवागार कांदा. काढलेल्या कांद्याचे ढीग पातीने झाकून बांधावर ठेवलेले. मापाड्याचं घर विचारलं तर पहिल्याच माणसाने दाखवलं, आणि वर म्हणाला, "काल काय तरी लफडं झालं म्हणं त्यांचं तिकडं."

सोपानराव घराच्या सावलीत बाजेवर बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले. रागाने नाही, पाहुणा आला म्हणून. बायकोला हाक मारून म्हणाले, "पावणं आलेत."

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत मला आठवलं होतं, तरी मी खोटं बोलले. मला माफ करा.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "हे मला कशाला सांगताय, बाई? मला ठावंच व्हतं की."

त्यांची बायको पाणी घेऊन आली होती, ती मध्येच बोलली. "आज सकाळी तिकडं खाचरात दिराकडं व्यापारी आला. ह्यांच्या काट्याचं वजन धरायला तयार न्हाई. फोनवरचं ते दावलं त्यानं. म्हनला, ह्या काट्यापायी बाई मरता मरता वाचली. कोकरं तशीच ऱ्हायली." तिचा आवाज चढला. "आजवर ह्यांचं माप परत करा म्हून कुनी म्हनलं न्हाई."

"तू थांब," सोपानराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, शिकवल्यासारखं बोलले, "पोतं मोजलं की बारदानाचं वजन वजा करायचं आस्तंय. न्हाई केलं तर मापाडी चोर. मानूस मोजला तर बूट-कपडं कोन वजा करनार? म्हून मी केलं. आनि केलं ते सांगितलं. वर लिवलं बी."

"मी आत्ताच सगळ्यांना कळवते," मी म्हटलं आणि फोन काढला. शर्यतीच्या ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहिल्या.

"वाचा," सोपानराव म्हणाले.

मी वाचलं. "काल संवादातील त्रुटीमुळे काही गैरसमज निर्माण झाले. वजनाच्या नोंदी अचूक होत्या, असे निदर्शनास आले आहे."

त्यांनी विचारलं, "यात मानूस कुटं हाय?"

"म्हणजे?"

"चूक झाली म्हनताय. केली कुनी?"

मी ते खोडलं. त्यांच्यासमोरच दिलीपला फोन लावला, आवाज मोठा करून ठेवला आणि त्याला सरळ सांगितलं की चूक माझी होती. तो पलीकडून घाईघाईने म्हणाला, "आवो मॅडम, जाऊ द्या की आता. दोन दिवसांत इसरत्यात लोकं. पुडच्या वर्षी परत शर्यत घ्यायची हाय आपल्याला, कशाला उकरून काढायचं?"

मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण चेहऱ्यावर उमटण्याइतकं. सोपानराव माझ्याकडेच बघत होते. त्यांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. कालच्या पटांगणापेक्षा मला त्या क्षणाची जास्त लाज वाटते.

"दिलीप," मी म्हटलं, "उद्या सकाळी मी घाटघरला येतेय. काल पटांगणात होती ती माणसं जमतील तेवढी बोलव."

फोन ठेवून मी सोपानरावांना म्हटलं, "तुम्हीही चला. तुमच्यासमोर बोलते."

"मी कशाला येऊ?" ते म्हणाले. "मी काय केलंय?"

त्यांच्या बायकोने मध्येच ताटं आणून ठेवली. बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. मी नको म्हणायला लागले तर म्हणाली, "जेवा. तुमचं ह्यांचं काय आसल ते आसू द्या. ऊन लई हाय, उपाशी कुटं जाताय?" ती माझ्यावर रागावलेली होती आणि वाढत होती. सिस्टर दोन भाकऱ्या जेवल्या. माझी एक संपता संपेना.

सोमवार, पुन्हा घाटघर

शाळेच्या व्हरांड्यात वीसेक माणसं होती. पाण्याच्या ठिकाणांवरच्या बायका, स्ट्रेचर वाहणारे दोघे, दिलीप, हिराबाई. धावपटू अर्थातच गेलेले होते. माइक नव्हता, लागलाही नाही. दिलीपने एक जण ग्रुपवर टाकायचा व्हिडिओ घ्यायला फोन धरून उभा केला होता, कारण मीच तसं सांगितलं होतं.

मी सांगितलं. सोपानरावांनी वजनं बरोबर घेतली. दोन किलो वजा केल्याचं त्यांनी मला तोंडी सांगितलं आणि कागदावर लिहिलं. मी लक्ष दिलं नाही. तुम्हाला पाणी पाजायला मी लावलं, म्हणून त्या बाई मरणाच्या दारात गेल्या. आणि त्या संध्याकाळी मला सगळं आठवत असताना मी तुमच्यासमोर खोटं बोलले. कागद सोबत आणला होता, तो सगळ्यांच्या हातातून फिरवला.

कागद फिरून माझ्याकडे परत आला. मग पाण्याच्या ठिकाणावरची एक तरुण बाई म्हणाली, "मंग मॅडम, तवाच का न्हाई बोललात? ते तर तिथंच सांगत व्हते."

रस्ताभर मी बरीच उत्तरं तयार केली होती. दमले होते, घाबरले होते, लोक चिडले होते. ती सगळी मी सोडून दिली.

"कारण मी डॉक्टर होते आणि ते मापाडी," मी म्हटलं. "तुम्ही माझंच खरं मानणार हे मला माहीत होतं. आणि तुम्ही मानलंत."

हिराबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. शुक्रवारपासून त्यांच्या तोंडून मी 'घ्या', 'बसा', 'जेवा' यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

"मंजी त्यात आमी बी आलोच की," त्या म्हणाल्या. "आमी हासलो व्हतो."

दिलीप खाली बघत होता. हिराबाईंनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि माझ्यापुढे धरला. "नंबर लावून द्या सोपानरावांचा."

रेंज दिलीपच्या ओटीवर येते, नाहीतर शाळेमागच्या कातळावर. मी तिथे जाऊन नंबर लावला, घंटा वाजायला लागल्यावर फोन हिराबाईंकडे दिला. त्यांच्यामागे एक एक करत बाकीच्या बायका कातळावर चढून आल्या. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं, तशी मी तिथून खाली उतरले. आता बोलायचं होतं ते त्यांना, आणि ते ऐकायचा मला हक्क नव्हता.